गोळीचा प्रहर

देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री मराठी माणसाला माहीत आहे तो हेमाडपंती देवळांमुळे. मोडी लिपीही त्यानेच आणली अशी आख्यायिका आहे. पण तेराव्या शतकातल्या या मंत्र्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली, हे वैद्यांखेरीज फार थोड्यांच्या ध्यानात असते. पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती हरिशास्त्री पराडकरांच्या संपादनाखाली छापली, म्हणून आज ती आपल्या हाती आहे. राज्याचा जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाला ज्या ग्रंथावर टीका लिहावीशी वाटली, त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानात औषध कोणत्या वेळी घ्यावे हे सांगितले आहे. एकूण दहा वेळा: रिकाम्या पोटी, जेवणाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी, दोन घासांच्या मध्ये, घासासोबत, पुनःपुन्हा, अन्नात मिसळून, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे, आणि रात्री झोपताना.

या यादीत नऊ वेळा अन्नाशी किंवा रोगाच्या उमाळ्याशी बांधलेल्या आहेत. रात्रीची वेळ एकच, आणि ती मानेच्या वरच्या दुखण्यांसाठी आहे. हृदयासाठी म्हणून वेगळा प्रहर सांगितलेला नाही. म्हणून ‘शरीराच्या घड्याळाचे विज्ञान आपल्याकडे आधीच होते’ असे या श्लोकावरून म्हणणे मला पटत नाही. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. तेच औषध, तेवढेच, पण वेगळ्या वेळी दिले तर शरीरात वेगळे वागते, हे निरीक्षण मराठवाड्याच्या मातीत निदान सातशे वर्षे वाचले आणि शिकवले जात आहे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि तिथले विद्यार्थी हे दहा औषधकाळ आजही पाठ करतात.

त्याच नांदेडला लागून, गोदावरीच्या काठावर विष्णुपुरी आहे. राज्यभर हे नाव पोचले ते असर्जनजवळ गोदावरी अडवून उभारलेल्या उपसा सिंचन प्रकल्पामुळे. बंधाऱ्यामागच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. १९८१ ची श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था इथे आहे, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथे आहे. १९८८ साली नांदेडला निघालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आता डॉ. शंकरराव चव्हाणांचे नाव आहे, तेही पुढे शहरातून इथेच आले. नांदेडच्या सोळा तालुक्यांतून, हिंगोली-परभणीकडून, तेलंगणाच्या हद्दीपलीकडून माणसे इथे येतात. परत जाताना अनेकांच्या खिशात एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन आकडे: १-०-०, किंवा ०-०-१. सकाळ, दुपार, रात्र. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे आकडे समजतात.

बीपीच्या गोळीपुढचा तो १ कोणत्या घरात लिहायचा, यावर गेल्या चाळीस वर्षांत जगभर केवढा वाद झाला, हजारो माणसांवर केवढ्या चाचण्या झाल्या, आणि त्या वादाचा निकाल कसा लागला, याची ही हकीकत आहे. ती सांगायला थोडे मागे जावे लागते.

इटलीच्या स्किपिओने रिवा-रोच्ची या डॉक्टरने १८९६ साली दंडाला हवेचा पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्हने त्या पट्ट्याखाली नळी लावून ठोके ऐकायची रीत दिली. आजही गावच्या दवाखान्यात तेच होते. या रीतीत एक मर्यादा जन्मापासून होती. ती माणूस जागा असतानाचा, डॉक्टरसमोर बसला असतानाचा, एका क्षणाचा दाब सांगते. उरलेल्या तेवीस तासांचे काय, आणि त्यातले सात-आठ तास तर माणूस झोपलेला असतो. झोपेत दाब उतरतो हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या लिओनार्ड हिलने नोंदवले होते. पण दाब उतरवायला हाताशी औषधच नव्हते, तेव्हा वेळेची चर्चा कोण करणार?

औषध आले ते आपल्या देशातून, आणि त्याच्यावर जगाचा विश्वास बसला तो मुंबईतल्या कामामुळे. सर्पगंधेची मुळी भारतात पिढ्यान् पिढ्या साप चावल्यावर, झोप येत नसल्यास, डोके फिरल्यास दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो आणि मनोविकारातही गुण येतो असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीला सलीमुज्जमान सिद्दीकी तिच्यातली द्रव्ये वेगळी करत होते. एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलिन’ नाव दिले. पण हे भारतातच राहिले. मुंबईत जन्मलेले, लंडनला शिकून परतलेले रुस्तम जाल वकील केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांना तपासत. त्यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ही मुळी देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्या. मग मात्र सगळे जागे झाले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्सने ती वापरली, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९५२ साली तिच्यातले मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी पद्मभूषण.

वकिलांचा तो लेख निघाला त्या वर्षी मराठवाडा निजामाच्या राज्यातून बाहेर पडून जेमतेम वर्ष होत होते. दुखणे वाढले तर नांदेडच्या माणसाला हैदराबादचे उस्मानिया रुग्णालय गाठावे लागे. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघायला १९५६ उजाडले, अंबाजोगाईला १९७४. या तारखा आडबाजूच्या वाटतील, पण तशा त्या नाहीत. रक्तदाबाची गोळी जगात आल्यापासून ती या भागातल्या खेड्यातल्या माणसापर्यंत नियमाने पोचायला जो काळ गेला, त्यात दोन पिढ्या अर्धांगवायूने आणि हृदयविकाराने, आपल्याला काय झाले होते हे न कळताच गेल्या.

रेसर्पिनचा एक गुण या कथेत महत्त्वाचा आहे. त्याचा परिणाम सावकाश येतो, दिवसादिवसांनी साचत जातो आणि गोळी थांबवली तरी बराच काळ टिकतो. असे औषध सकाळी घेतले काय आणि रात्री घेतले काय, फरक पडत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुषांवर चाचणी केली. गोळ्यांच्या त्या जोडणीत रेसर्पिन होते. ज्यांना खोट्या गोळ्या दिल्या त्यांच्यापैकी २७ जणांना गंभीर इजा झाली, ज्यांना खऱ्या दिल्या त्यांच्यापैकी फक्त दोघांना. रक्तदाब उतरवला की माणूस वाचतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले, आणि त्यात मुंबईतून पुढे गेलेल्या मुळीचा वाटा होता. रेसर्पिन पुढे मागे पडले, कारण मोठ्या मात्रेने काहींचे मन खचत असे.

शरीरातल्या घड्याळाची गोष्ट तोवर वेगळ्याच वाटेने चालली होती. फ्रान्सच्या झाँ-जाक दे मेराँ यांनी १७२९ साली लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ साली दिवसाच्या या आवर्तनाला ‘सर्केडियन’ हे नाव दिले. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी फळमाश्यांमधला, हे आवर्तन चालवणारा जनुक दाखवला, आणि त्याच जनुकाच्या पुढच्या कामासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. मेंदूतले मुख्य घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर लागते. यकृत, मूत्रपिंड आणि हृदय यांच्या पेशींतही आपापली घड्याळे असतात, आणि ती जेवणाच्या वेळेवरही हलतात. वाग्भटाने औषधाच्या वेळा जेवणावर का टांगल्या असाव्यात, हा विचार इथे माझ्या मनात येतो. पण तो विचारच, पुरावा नव्हे.

दोन वाटा एकत्र आल्या त्या ऑक्सफर्डमध्ये. १९६९ साली तिथल्या डॉक्टरांनी माणसाच्या हाताच्या धमनीत बारीक नळी बसवून, त्याला हिंडूफिरू देऊन, रात्रंदिवसाचा दाब नोंदवला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या मिलर-क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने काढलेला आलेख ‘लॅन्सेट’मध्ये दिला. दाब सकाळी उशिरा सर्वांत वर, रात्री तीनच्या सुमारास सर्वांत खाली, आणि पहाटे पुन्हा चढू लागतो. त्यानंतर दहा वर्षांनी डब्लिनच्या ओयन ओब्रायन यांनी अशी माणसे वेगळी काढली ज्यांचा दाब रात्री उतरतच नाही. निरोगी माणसात झोपेतला दाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के खाली येतो. ज्यांच्यात तो येत नाही त्यांना अर्धांगवायूचा धोका अधिक.

मग १९८५. हार्वर्डचे जेम्स म्युलर हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या २,९९९ रुग्णांच्या नोंदी तपासत होते. झटका कधी आला हे रुग्णाला विचारावे तर तो गोंधळतो. झोपेत आलेला झटका उठल्यावर जाणवला असेल. म्हणून म्युलर यांनी रुग्णाच्या आठवणीवर सगळे सोपवले नाही. हृदयाचा स्नायू मरू लागला की रक्तात एक विकर वाढते, आणि ते किती वाढले यावरून मागे मोजत झटक्याची वेळ काढता येते. ७०३ रुग्णांच्या बाबतीत त्यांनी तसे केले. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले: सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात झटके सर्वाधिक, आणि सकाळी नऊच्या सुमारास ते रात्री अकराच्या तिप्पट. (याच म्युलर यांनी सोव्हिएत सहकाऱ्यांसोबत अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांची संघटना काढली होती, आणि त्याच १९८५ साली तिला शांततेचे नोबेल मिळाले. एका माणसाच्या एका वर्षाला एवढे काम पुरे.) पहाटे आणि सकाळी शरीरात काय होते हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. कॉर्टिसॉल चढते, उठून उभे राहताच नाडी आणि दाब उसळतो, रक्तातल्या बिंबिका अधिक चिकट होतात, आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा नेमकी त्याच वेळी मंद असते.

पहाटेचा तो तास मराठवाड्याला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादची हजारो माणसे झोपेतच गेली. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला पहाटे साडेचार वाजता भूकंप झाला. तिथे मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या: हृदय अचानक थांबून होणारे मृत्यू आदल्या आठवड्यात रोज सरासरी ४.६ होते, त्या एका दिवशी २४ झाले. बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानच्या कोबे-आवाजी भागात पहाटे पावणेसहाला भूकंप झाला. काझुओमी कारिओ नावाचे तरुण डॉक्टर तेव्हा केंद्राजवळच्या आवाजी बेटावरच्या छोट्या दवाखान्यात काम करत होते. आपल्या रुग्णांचे दाब भूकंपानंतर कसे चढले आणि किती दिवस चढलेले राहिले हे त्यांनी लिहून ठेवले. पुढे त्यांचे सगळे आयुष्य सकाळच्या दाबाच्या उसळीवर गेले. २००३ साली ५१९ वृद्ध रुग्णांवर त्यांनी दाखवले की ज्यांचा दाब उठताना सर्वांत जोरात उसळतो, त्यांना अर्धांगवायू अधिक होतो. किल्लारीच्या ढिगाऱ्यांतून वाचलेल्यांचे दाब असे कोणी दवाखान्यात बसून वर्षभर लिहून ठेवले असते, तर आज ते विष्णुपुरीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासायला मिळाले असते. त्या वेळी घरे, अन्न, पुनर्वसन यांतच सगळी शक्ती लागली, आणि ते योग्यच होते.

सकाळी धोका आहे, तर सकाळी औषध जोरात असले पाहिजे. हा तर्क इतका सरळ होता की औषध कंपन्यांनी लगेच उचलला. १९९६ मध्ये अमेरिकेत व्हेरापॅमिलची एक गोळी आली. ती रात्री झोपताना घ्यायची, पण तिचे आवरण असे की औषध चार-पाच तासांनी, पहाटे, बाहेर पडू लागे. तिच्यासाठी ‘कन्व्हिन्स’ ही चाचणी सुरू झाली, १६,६०२ रुग्णांची. कंपनीने ती व्यापारी कारणासाठी ठरल्या वेळेच्या दोन वर्षे आधीच बंद केली. २००३ मध्ये जे आकडे छापले गेले, त्यात पहाटेच्या गोळीने जुन्या स्वस्त औषधांपेक्षा जास्त फायदा दाखवला नाही. हजारो माणसांनी वर्षानुवर्षे नोंदी दिल्या आणि चाचणी हिशेबाच्या वहीपायी थांबली, याची मला चीड येते.

दरम्यान रात्रीच्या गोळीला दुसरीकडून बळ मिळाले. २००० साली छापलेल्या ‘होप’ चाचणीत ९,२९७ रुग्ण होते आणि रामिप्रिल झोपताना दिले जाई. दवाखान्यात मोजलेला दाब जेमतेम तीन अंकांनी उतरला, पण झटके आणि मृत्यू बरेच कमी झाले. हे कसे? ३८ रुग्णांच्या दंडावर चोवीस तास यंत्र बांधले तेव्हा दिसले की दिवसा मोजलेल्या दाबात न दिसणारी घट रात्री होत होती, सतरा अंकांची. मूत्रपिंडातून सुरू होणारी रेनिनची साखळी रात्री आणि पहाटे अधिक जागी असते, आणि रामिप्रिलसारखी औषधे नेमकी तिलाच अडवतात.

स्टॅटिनची बाब याहून सोपी आहे. यकृत कोलेस्टेरॉल बनवते ते मुख्यतः रात्री. सिमव्हास्टॅटिन शरीरात थोडेच तास टिकते, म्हणून ते रात्री घ्यायचे. एटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसभर टिकतात. ती कधीही चालतात.

स्पेनच्या विगो विद्यापीठातले रामोन हेर्मिदा यांनी रात्रीच्या गोळीचा ध्यासच घेतला होता. २०१० मध्ये त्यांनी २,१५६ रुग्णांची चाचणी छापली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये ‘हायजिया’ आली: १९,०८४ रुग्ण, साधारण सहा वर्षे पाहणी. रक्तदाबाच्या गोळ्या झोपताना घेणाऱ्यांत हृदयाचे आणि मेंदूचे आघात ४५ टक्क्यांनी कमी. जगभर बातम्या झाल्या. वर्षानुवर्षे सकाळी चहासोबत गोळी घेणाऱ्या माणसांनी ती स्वतःच रात्रीवर ढकलली, डॉक्टरांनी चिठ्ठीतला १ पहिल्या घरातून तिसऱ्या घरात नेला.

जाणकारांना मात्र तो आकडा खटकला. रक्तदाबाच्या अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत कोणत्याही औषधाने एवढा फरक क्वचितच केला होता, आणि इथे तर औषध बदललेच नव्हते, फक्त वेळ बदलली होती. दोन गटांतल्या दाबांत जो थोडा फरक होता त्यातून एवढा फायदा निघणे हिशेबात बसत नव्हते. रुग्णांची विभागणी खरोखर चिठ्ठ्या टाकून केली होती का, हेही विचारले गेले. २०२० मध्ये खुद्द त्या नियतकालिकाने लेखाबद्दल काळजी व्यक्त करणारी सूचना छापली. विज्ञानात अशी सूचना म्हणजे शिक्षा नव्हे, पण वाचकाने पुढे सांभाळून पाऊल टाकावे असा तो इशारा असतो.

उत्तर स्कॉटलंडमधून आले. डंडी विद्यापीठातल्या टॉम मॅक्डोनल्ड आणि आयला मॅकेन्झी यांनी २०११ पासूनच ‘टाइम’ ही चाचणी चालवली होती, आणि तिची रीत मला फार आवडते. रुग्णांना रुग्णालयात बोलावलेच नाही. नावनोंदणी इंटरनेटवर, प्रश्न ईमेलवर, आणि झटका किंवा मृत्यू झाला की सरकारी आरोग्य नोंदीतून कळायचे. माणसे आपल्या घरी, आपलीच नेहमीची गोळी घेत होती. चिठ्ठी टाकून ठरवले होते एवढेच की सकाळी सहा ते दहाच्या दरम्यान घ्यायची की रात्री आठ ते बाराच्या. २१,१०४ माणसे, सरासरी वय पासष्ट, पाच वर्षांहून अधिक काळ. ऑगस्ट २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत निकाल सांगितला गेला: रात्रीच्या गटात ३.४ टक्के लोकांना झटका, अर्धांगवायू किंवा त्यातून मृत्यू आला, सकाळच्या गटात ३.७ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नव्हेच. एक फरक मात्र मोठा होता. सांगितल्या वेळी गोळी घेतली नाही असे सांगणारे रात्रीच्या गटात ३९ टक्के होते, सकाळच्या गटात साडेबावीस.

कॅनडाच्या स्कॉट गॅरिसन यांच्या ‘बेडमेड’नेही तेच सांगितले. पाच प्रांतांतले ३,३५७ रुग्ण. लंडनला २०२४ मध्ये जाहीर, २०२५ मध्ये प्रसिद्ध. रात्री घेतल्याने फायदा नाही, आणि ज्याची भीती होती ते पडणे, हाड मोडणे, डोळ्यांवर परिणाम हेही वाढले नाही. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शनात म्हणून स्पष्ट लिहिले गेले: सवय पक्की होईल अशा, आपल्याला सोयीच्या वेळी गोळी घ्यावी.

मग शरीरातले घड्याळ खोटे ठरले का? अजिबात नाही. म्युलर यांचा सकाळचा आकडा आजही खरा आहे. बदलली ती गोळी. ॲम्लोडिपिन एकदा पोटात गेले की त्यातले निम्मे औषध शरीराबाहेर जायला तीस ते पन्नास तास लागतात. टेल्मिसार्टनला साधारण एक दिवस. रोज घेणाऱ्याच्या रक्तात ही औषधे पहाटे तीनलाही असतात आणि दुपारी तीनलाही. सरकारी दवाखान्यांत आज मुख्यतः हीच औषधे मिळतात. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या २५ जिल्ह्यांत इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह सुरू झाली तेव्हा तिचा आधारच हा होता: थोडी, स्वस्त, दिवसातून एकदा घ्यायची, दीर्घकाळ टिकणारी औषधे आणि महिन्याचा साठा रुग्णाच्या घरी. वेळेची चूक पोटात घालणारे औषध निवडणे, हा खेड्यांसाठी घेतलेला फार शहाणा निर्णय होता असे मला वाटते.

तरीही इथे एक गोष्ट उरते, आणि विष्णुपुरीत बसून ती दिसते तशी डंडीत दिसत नाही. ‘बेडमेड’मध्ये रात्रपाळीने झोपमोड होणाऱ्यांना घेतलेच नव्हते. संशोधकांच्या बाजूने ते समजण्यासारखे आहे. ज्याची रात्र रोज वेगळी, त्याला ‘झोपताना’ म्हणजे कधी हे कसे सांगणार? पण लोहा, कंधार, मुखेड, हदगावच्या शिवारांत अशीच माणसे आहेत. शेतीच्या विजेचे वेळापत्रक आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असे फिरते. लाईट रातची असली की माणूस अकराला कंदील-बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो आणि उजाडता परततो. ऊसतोडीला गेलेला कोयता पहाटे तीन-चारला फडात असतो, आणि गाडी भरायला कधी मध्यरात्रही होते. नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलतात. सचखंड हुजूर साहिबमध्ये गोदावरीची गागर भरून आणणारे सेवेकरी भल्या पहाटे नदीवर असतात. रमजानमध्ये या भागातली हजारो घरे सहर आणि इफ्तारच्या वेळेवर चालतात, आणि दिवसाची गोळी तीस दिवसांसाठी रात्रीत सरकते. या सगळ्यांच्या चिठ्ठीवर १-०-० लिहिले तर ते ‘१’ कोणत्या सकाळी, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. रात्रभर पाणी धरून आलेला माणूस सकाळी नऊला झोपतो. ती त्याची सकाळ की रात्र?

‘टाइम’मधल्या ५,३५८ जणांच्या झोपेच्या सवयीवरून २०२४ मध्ये एक पुढची पाहणी आली. ज्यांना स्वभावतःच लवकर उठायची सवय होती त्यांनी सकाळी, आणि उशिरा जागणाऱ्यांनी रात्री गोळी घेतली तेव्हा झटक्यांचे प्रमाण कमी दिसले. एका पाहणीवरून सगळे बदलू नये, पण दिशा विचार करण्यासारखी आहे. घड्याळातल्या वेळेपेक्षा माणसाच्या स्वतःच्या दिवसाशी गोळी जुळवायची, ही ती दिशा.

विष्णुपुरीच्या दवाखान्यात आज हे करता येण्यासारखे आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने विचारायचे: काका, आठवड्यात रातचं पाणी किती वेळा असतं? माय, तुमचा रोजा आहे का? जागे झाल्यावर पहिलं काय करता? जे काम रोज न चुकता होते, चहा, तोंड धुणे, जनावरांना वैरण, नमाज, त्याच्याशी गोळी बांधून द्यायची. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती झोपण्याआधी नको, कारण ज्या घरात शौचालय अंगणाच्या टोकाला आहे तिथे म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा उठवणे म्हणजे पाय घसरण्याचा धोका. आणि आजवर घेत असलेली वेळ बदलायची असेल तर विचारूनच, कारण एक गोळी चुकून दोनदा घेतली जाणे किंवा दोन दिवस राहून जाणे हे वेळेच्या चुकीपेक्षा अधिक धोक्याचे.

यापलीकडे एक मागणी मला करायची आहे. मुंबईच्या डॉ. वकिलांनी ५० रुग्णांच्या नोंदींवर जगाला एक औषध पटवून दिले. विष्णुपुरीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांख्यिकी शिकवणारे विद्यापीठ आहे, यंत्रे बनवू शकणारी अभियांत्रिकी संस्था आहे, आणि तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत. ज्यांची रात्र फिरते अशा शेतकऱ्यांना, ऊसतोड कामगारांना, पाळीच्या कामगारांना, रोजा धरणाऱ्यांना घेऊन, त्यांच्या दंडाला चोवीस तासांचे यंत्र बांधून, दिवसा वीज असलेल्या आठवड्यातला आणि रातच्या विजेच्या आठवड्यातला दाब शेजारीशेजारी मांडणारी पाहणी इथे व्हायला हवी. २०१७ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून. ज्या गावांत तसे फीडर झाले आणि ज्या गावांत अजून नाहीत, त्या दोन्हींतली माणसे या एकाच दवाखान्याच्या दारात येतात. त्यांची नावे नोंदवहीत आधीपासून आहेत. फक्त त्यांना रात्री कुठे असता हे विचारायचे बाकी आहे.